जोमा नाखव्याची दोन इंजिनं

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात जोमा नावाचा नाखवा राहायचा. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. जोमाची एक लाँच होती. गावातली माणसं पलीकडच्या तालुक्याच्या बंदरावर न्यायची आणि परत आणायची, हे तिचं काम. उतारू पाण्यापार नेण्याच्या या कामाला 'तर' म्हणतात. ही तर आजोबांच्या काळापासून जोमाच्या घराण्याकडे होती. तेव्हा वल्ही होती, पुढे शीड आलं, मग डिझेलचं इंजिन आलं; मान मात्र त्याच घरात राहिला. कोणाची सोयरीक ठरो, कोणी आजारी पडो, कोणाचं कचेरीत काम निघो, जोमाच्या लाँचशिवाय गावाचं पान हलत नसे.

माणूस कष्टाळू होता. देवभोळा होता, हाताचा सढळ होता. पण एक खोड अशी, की तिने सगळ्या गुणांवर पाणी फिरवावं. जोमा संशयी होता. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर संशयी. भाजीवालीने मेथीची जुडी दिली की तो ती तिच्यासमोरच सोडून आतल्या काड्या बघायचा. देवळात प्रसाद हातावर पडला की आधी शेजाऱ्याच्या हातावर किती पडला ते बघायचा. वाटेत कोणी राम राम केला, तर याचं आपल्याकडे काय काम असेल, याचा विचार घरापर्यंत पुरायचा. आणि कोणी राम राम केला नाही, तर मग विचारूच नका.

एकदा कधीतरी कोणीतरी त्याला रॉकेल मिसळलेलं डिझेल विकलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, ते आपण समजू शकतो. जोमा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

या संशयातून सुटलेला एकच माणूस होता. राघो. जोमाची बायको चांगुणा, तिचा हा धाकटा भाऊ. लाँचचं सुकाणू त्याच्या हातात असायचं, म्हणून गाव त्याला राघो सारंग म्हणायचं. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो जोमाच्या बोटीवर होता. वादळात दोघं एकाच दोराला धरून राहिले होते, एका ताटात जेवले होते. जोमाच्या जिवाभावाच्या दोनच गोष्टी होत्या, एक तरीचा मान आणि दुसरा राघो. बाकी जग त्याच्या हिशेबी चोर.

आता गावाची एक रीत सांगतो. पावसाळा तोंडावर आला की सगळ्या बोटी उधाणाच्या भरतीला पाण्यातून वर ओढायच्या. एकाची बोट ओढायला सगळ्या गावाने यायचं. भांडण असलं तरी यायचं, बोलाचाली नसली तरी यायचं. खाली ओंडके, मागे खांदे आणि तोंडाने हैसा. बोट किनाऱ्यावर आली की बुडाला चिकटलेली कालवं, शिंपल्या नि शेवाळ खरवडायचं, तेल-रंग लावायचा, वर झापांचं छप्पर करून तिला शाकारून ठेवायची. समुद्रात राहणाऱ्या लाकडाला समुद्र चिकटतोच. वर्षातून एकदा तो काढावा लागतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

पण दोन वर्षांपूर्वी बोट अशीच वर ओढली असताना जोमाच्या डोक्यात आलं, की गर्दीत कोणीतरी आपला पितळी पंखा बदलला. पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात फिरतो आणि बोटीला पुढे ढकलतो तो. पंखा तोच होता. राघोने दाखवलं, चांगुणाने शपथ घातली. पण पालथ्या घड्यावर पाणी. जोमाने कानशीने पंख्याच्या पात्यावर स्वतःची खूण केली, आणि त्यानंतर गावाला आपल्या बोटीला हातच लावू दिला नाही. तिवरांच्या झुडपांआड, खाडीच्या एका डोहासारख्या खोल कोंडात तो लाँच उभी करू लागला. ओहोटीलाही तिथे पुरुषभर पाणी राहायचं. चोराला चालत यायची सोय नाही, म्हणून जोमा खूश. बोट पाण्यावर जेवढी दिसायची तेवढी तो रोज पुसायचा. आरशासारखी चकचकीत ठेवायचा. खालचं कोण बघतंय?

त्या वर्षी वैशाखात लाँचचं जुनं इंजिन भर खाडीत बसलं, ते उठलंच नाही. उतारूंना दुसऱ्या होड्यांतून काठावर आणावं लागलं. कोळीवाड्याच्या पाटलांनी गावकी बसवली. म्हणाले, "जोमा, पावसाळ्यात गावाची तर बंदच असते. तुला वेळ आहे. पण नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की पहिली फेरी सुटली पाहिजे. तुझी लाँच नाही चालली, तर तरीचा मान दुसऱ्याकडे जाईल. गाव खोळंबून ठेवता यायचं नाही."

जोमाला आजोबांची वल्ही आठवली. तीन पिढ्यांचा मान. पण तोंडाने तो म्हणाला, "बघतो." आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "पाटलाच्या मनात काहीतरी आहे."

चांगुणा म्हणाली, "त्यांच्या मनात गावाची तर आहे. तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही बघा."

जोमा आणि राघो इंजिन बघायला पलीकडच्या बंदरावर गेले. तिथे बोटींची इंजिनं विकणारे दोघं होते, एकाच रस्त्यावर, समोरासमोर.

पहिला मोरूशेठ. त्याच्याकडे लाल इंजिन. अंगाने हलकं, आटोपशीर, भराभर फिरणारं. हवा दाबून आत घेण्याची सोय असल्याने छोट्या अंगात जोर मोठा. मोरूशेठची जीभही त्या इंजिनासारखीच भराभर फिरायची. "नाखवा, हे बसवा आणि मग बघा. बोट जड होणार नाही, नाक वर उचलून पळेल. पलीकडे पोचाल तेव्हा अलीकडच्या चुलीवरचा चहा उतरलेला नसेल."

जोमाला वाटलं, एवढं गोड बोलतोय म्हणजे इंजिनात काहीतरी कडू आहे.

दुसरे अब्बासभाई. त्यांच्याकडे निळं इंजिन. अंगाने आडदांड, जड, फिरायला सावकाश. पण ओझं कितीही असो, हूं की चूं न करता ओढणारं. उघडून बसवायला साधं. तालुक्यातला कोणताही मिस्त्री दुरुस्त करील असं. अब्बासभाई मोजकं बोलायचे. जोमाने इंजिनाला दोन फेऱ्या मारल्या तरी ते नुसते बसून होते. शेवटी जोमानेच विचारलं, "याच्यात चांगलं काय?"

"चालतं," अब्बासभाई म्हणाले.

जोमाला वाटलं, एवढं कमी बोलतोय म्हणजे बरंच काही लपवतोय.

मग त्याने दोन्ही इंजिनांची झडती घेतली. हो, झडतीच. नखाने रंग खरवडून खाली जुनं लोखंड आहे का ते पाहिलं. तेलाच्या पट्टीला नाक लावलं. मोरूशेठच्या दुकानात उभं राहून अब्बासभाईंच्या इंजिनाबद्दल विचारलं, आणि अब्बासभाईंच्या दुकानात उभं राहून मोरूशेठच्या. मोरूशेठ म्हणाला, "निळंही चांगलंच आहे हो, पण जड." अब्बासभाई म्हणाले, "लालही चांगलं आहे. डिझेल तेवढं स्वच्छ घाला." झालं. एकमेकांच्या मालाला चांगलं म्हणणारे दुकानदार जोमाने आयुष्यात पाहिले नव्हते. त्याचा संशय दुप्पट झाला. या दोघांचं आतून काहीतरी जुळलेलं असणार.

परतताना होडीत त्याने राघोला विचारलं, "तुला काय वाटतं?"

राघो म्हणाला, "भावजी, दोन्ही खरी आहेत. रिकामं पळायचं असेल तर लाल बरं. आपल्याला माणसं, पोती, बाजाराच्या टोपल्या न्यायच्या असतात. मला विचाराल तर निळं घ्या."

जोमाने ऐकून घेतलं. पण त्याच्या मनात आलं, अब्बासभाईंच्या दुकानात राघोने चहा घेतला होता. आपल्याला विचारलं तेव्हा आपण नको म्हटलं. त्याने का घेतला? एवढंच मनात आलं, आणि ते जोमालाही बरं वाटलं नाही. पण संशयाचं असं असतं, की तो दारात आला की पाट मांडावा लागत नाही. आपला आपण बसतो.

राघोने निळं सांगितलं म्हणून जोमाने लाल आणलं. मोरूशेठ भला माणूस. म्हणाला, "बसवून बघा. पसंत नाही पडलं तर परत आणा, मी नाही म्हणायचो नाही." मिस्त्री आले, जुनं इंजिन निघालं, लाल बसलं. आषाढातली एक उघडीप बघून कोंडातच लाँच सोडली. राघो सुकाणूवर, जोमा इंजिनापाशी.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. राघोने वेग वाढवला. आवाज वाढला, पण इंजिनाचे फेरे जेवढे वाढायला हवे तेवढे वाढेनात. मागून काळा कुट्ट धूर निघाला. बोट चिखलातल्या म्हशीसारखी सरकत होती. थोड्या वेळात इंजिन तापून लाल रंगाहून लाल व्हायच्या बेताला आलं, तेव्हा राघोने ते बंद केलं.

जोमा म्हणाला, "बघितलंस? जुनं इंजिन रंगवून दिलंय."

त्याने लाल इंजिन काढलं आणि मोरूशेठच्या दारात नेऊन ठेवलं. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं बोलला. मोरूशेठचा चेहरा उतरला. त्याने गडी बोलावून इंजिन आत नेलं.

मग त्याच बोलीवर निळं आणलं. पुन्हा मिस्त्री, पुन्हा बोल्ट, पुन्हा कोंडातलं पाणी. निळं इंजिन घुमलं, जोमाच्या छातीत आशा घुमली. राघोने वेग वाढवला. पुन्हा तेच. फेरे अडकले, काळा धूर आला, बोट हलायला तयार नाही. इंजिन तापलं. आणि हे तर बैलासारखं ओढणारं म्हणून सांगितलेलं.

आता घोडं कुठे पेंड खातंय, ते तुम्ही कधीच ओळखलं असेल. एक इंजिन हलकं, एक जड. एक झपाट्याचं, एक सावकाश. एक बोलक्याचं, एक अबोल्याचं. दोन्हींचा आजार मात्र एकच. मग दोन्हींत सारखं काय होतं? बोट.

राघोने ते ओळखलं. काठावर आल्या आल्या तो म्हणाला, "भावजी, दोन्ही इंजिनांत खोट नाही. दोन वर्षं बोट वर घेतली नाही. बुडाला कालवं धरली असतील, पंख्यावर धरली असतील. पाणी आत घेणारं भोकही भरलं असेल, म्हणून इंजिन तापतंय. येत्या अवसेच्या उधाणाला गाव बोलवू, बोट वर घेऊ."

किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले लोक मान वर करून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "खरं आहे राघोचं."

जोमाने त्या सगळ्यांकडे पाहिलं. मग राघोकडे पाहिलं. आणि त्याच्या डोक्यात सगळ्या गाठी एकदम जुळल्या. मोरूशेठ निळ्याला चांगलं म्हणतो. अब्बासभाई लालला चांगलं म्हणतात. राघो चहा पितो, दोघांनाही चांगलं म्हणतो. आता गाव बोलवा म्हणतो. गाव बोलावलं की पुन्हा पंखा जाणार. आणि इंजिन चाललं नाही की गावाची तर हातची जाणार. ती कोणाला मिळणार? सुकाणू येणाऱ्या माणसाला. जोमाला वाटलं, आपल्याला आता सगळं कळलं. संशयी माणसाला असं वाटतं, तेव्हा तो सगळ्यात जास्त चुकलेला असतो.

"राघो," तो म्हणाला, "अब्बासभाईने तुला नुसता चहाच दिला का अजून काही?"

जाळी विणणारे हात थांबले.

राघोला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला, थट्टा असेल म्हणून. मग जोमाचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "भावजी, चौघांत बोलताय तुम्ही," तो हळू म्हणाला.

"चौघांनाही कळू दे. माझ्या बोटीत बसून माझ्याच तरीवर डोळा ठेवलास. कोण कोण सामील आहे तेवढं सांग."

राघोच्या गळ्यातल्या दोऱ्यात लाँचच्या केबिनची किल्ली असायची. ती त्याने काढली, वाकून जोमाच्या पायांपाशी वाळूवर ठेवली आणि तो घराकडे चालू लागला. त्याच्या मागे जायला कोणी उठलं नाही, आणि जोमाशी बोलायलाही कोणी थांबलं नाही. लोकांनी जाळी गुंडाळली.

घरी चांगुणाने ताट वाढलं आणि ती समोर बसली. रडली नाही. म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. माझ्या भावाला आज तुम्ही चोर केलंत. उद्या माझा नंबर."

"तूही त्याच्याच बाजूची," जोमा म्हणाला. आणि जेवला नाही. आमटीचा वास त्याला वेगळा वाटत होता.

दिवस गेले. पाऊस पडत राहिला. जोमा रोज कोंडाच्या काठी छत्री घेऊन बसायचा आणि तिवरांत काही हललं की दगड मारायचा. बरेचदा बगळा असायचा. निळं इंजिन परत करायला बोटीतून काढावं लागणार होतं, आणि ते काढायला मिस्त्री बोलवावे लागणार होते. मिस्त्र्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. म्हणून ते तिथेच राहिलं.

दिव्याची अवस आली. त्या साली त्या अवसेचं उधाण कधी नव्हे एवढं मोठं. जेवढी भरती वर चढते तेवढी ओहोटी खाली जाते. जोमाला आदल्या दिवशीच घोर लागला. एवढी ओहोटी लागली तर कोंडातलं पाणी उतरेल. पाणी उतरलं तर चालत येता येईल. पंख्याला आज धोका. फटफटायच्या आत तो कोयता घेऊन कोंडावर पोचला, आणि चोराची वाट बघत तिवराच्या मुळाशी दबा धरून बसला.

चोर आला नाही. पाणी मात्र उतरत गेलं. कोंड रिकामं व्हायला लागलं. लाँच चिखलाला टेकली, मग हळूहळू कलली, आणि एका अंगावर आडवी झाली.

जोमा कोयता धरून तसाच बसून राहिला.

वरून आरशासारख्या असणाऱ्या त्याच्या लाँचला खाली लाकूडच दिसत नव्हतं. नुसती कालवं. थरावर थर, मुठीएवढी, धारदार. त्यांत शिंपल्या, त्यांतून लोंबणारं शेवाळ, शेवाळातून टपकणारा गाळ. खडकाचा एखादा तुकडा खाडीत वाहत यावा तशी बोट दिसत होती. तो चिखलात उतरला, गुडघाभर रुतत मागे गेला. पंखा जागेवर होता. पात्यावरची कालवं त्याने कोयत्याने खरवडली, तेव्हा खालून त्याची स्वतःची कानशीची खूण दिसली. पाणी आत घेणारं भोक शोधायला त्याला बराच वेळ लागला. शिंपल्यांनी ते पार बुजवलं होतं.

खोटं कशाला बोला, पहिल्या क्षणी जोमाच्या मनात हेही आलं, की हे कोणी चिकटवलं? त्याने खरोखर मागे वळून पाहिलं. तिवरांत कोणी नव्हतं. जे केलं होतं ते समुद्राने केलं होतं, आणि समुद्राला दोन वर्षांची मोकळीक जोमाने दिली होती.

त्याने मोरूशेठला आठवलं, भर रस्त्यात चेहरा उतरलेला. राघोला आठवलं, वाळूवर वाकलेला. चिखलात उभ्या उभ्या त्याला लाज वाटली, आणि चोरासाठी आणलेला कोयता त्याने चिखलात टाकून दिला.

आता दोन वाटा होत्या. पाणी चढलं की बोट पुन्हा झाकली जाणार, कोणाला काही कळणार नाही. जोमाने हाही विचार केला. पण पुनव पंधरवड्यावर आली होती, आणि एकट्याने ते बूड खरवडणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. बोट वर घ्यायची तर आजचंच उधाण. गाव बोलवावं लागणार होतं, आणि गाव येणार म्हणजे गावाला हे दिसणार होतं.

चिखलाने भरलेल्या पायांनीच तो किनाऱ्यावर गेला. पाटील होते, दहाबारा माणसं होती. जोमा त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बोट ओढायला या. बुडाला कालवं धरलीत. इंजिनं दोन्ही चांगली होती. राघो खरं बोलत होता."

कोणी टोमणा मारला नाही. पाटलांनी एवढंच विचारलं, "ओंडके आहेत का तुझ्याकडे, की आमचे आणायचे?"

दुपारच्या भरतीला गाव आलं. लाँच कोंडातून ओढत आणली, किनाऱ्याला लावली. दोर बांधले, खांदे लागले, हैसा सुरू झालं. बोट वर घेताना सगळ्यात अवघड जागा मागची. तिथे खांदा निसटला तर बोट अंगावर येते. ती जागा नेहमी राघोची. जोमाने मान वळवून पाहिलं, तर राघो तिथेच होता. कधी आला, कोणाशी काय बोलला, कळलं नाही. खांदा लावून उभा होता.

बोट वर आली. सगळ्या गावाने ते बूड पाहिलं. बायकांनी नाकाला पदर लावला. मग जो तो खरवडायला बसला. कोणी कोयता घेतला, कोणी पत्रा. जोमा पंख्यापाशी बसला. पलीकडच्या बाजूने राघो बसला. दोघं एकच पंखा साफ करत राहिले.

काही दिवसांनी बुडाला तेल-रंग लागला आणि लाँच पाण्यात गेली. या वेळी सुकाणूवर जोमा एकटा होता. निळं इंजिन घुमलं, वेग वाढवला तसे फेरे वाढले, धूर निघाला तो पातळ, आणि तोही विरून गेला. बोट पाणी कापत निघाली. जोमा तसाच पलीकडच्या बंदरावर गेला. मोरूशेठच्या दुकानासमोर भर रस्त्यात हात जोडले. मोरूशेठ म्हणाला, "नाखवा, मी बोलतो जास्त. खोटं बोलत नाही." मग जोमा समोर अब्बासभाईंकडे गेला आणि म्हणाला, "इंजिन ठेवतोय." अब्बासभाईंनी चहा मागवला. जोमाने तो घेतला.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी जोमा राघोच्या दारात गेला. वाळूवर ठेवलेली ती किल्ली त्याने पुढे केली.

"राघो, चुकलो. उद्या पहिली फेरी आहे. चल."

राघोने किल्लीकडे पाहिलं. घेतली नाही. "भावजी, राग नाही माझ्या मनात."

"मग चल ना. त्या दिवशी बोट ओढायला आलास की."

"ओढायला गावाचा माणूस म्हणून आलो. ती रीत आहे, पुढच्या साली पण येईन. सुकाणूचं वेगळं आहे. खरं सांगू का? पूर्वी मी समोरचं पाणी बघून बोट चालवायचो. आता तुम्ही नुसतं इंजिनाचं झाकण उघडलंत तरी मला वाटेल, माझी झडती घेताय. मी मागे बघत राहीन. मागे बघणाऱ्याच्या हातात उतारूंचा जीव देऊ नका."

"मी आता संशय घेणार नाही, राघो. देवाची शपथ."

"तुम्ही घेणार नाही हो," राघो म्हणाला. "पण आता मला लागलाय ना तो."

किल्ली मुठीत धरून जोमा घरी आला आणि चांगुणाने विचारायच्या आधीच त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दर्याला नारळ दिला आणि पहिली फेरी सुटली. गावाची तर जोमाच्याच घरात राहिली. उतारूंनी इंजिनाची तारीफ केली. काय आवाज, काय ओढ, कुठून घेतलंत नाखवा, म्हणाले. सुकाणू धरून उभ्या असलेल्या जोमाने दुकानाचं नाव सांगितलं. एवढं चांगलं इंजिन त्याच्या बोटीत कधीच नव्हतं, आणि बोटीत इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

तात्पर्य: जगाची झडती घेण्याआधी माणसाने आपल्या बोटीचं बूड बघावं. बुडाची कालवं खरवडून निघतात. पण विश्वासाच्या माणसावर घेतलेला संशय आपल्या मनातून गेला, तरी त्याच्या मनात राहतो.